सतरा नंबरचा गाळा

ते प्रकरण मला अजून दिवसवार आठवतं. सोमवारी तक्रार, बुधवारी खबर, गुरुवारी चौकशी, शुक्रवारी संध्याकाळी पाचला यादी. आता मी पोलीस खात्यात नाही. का नाही, हा या लेखाचा विषय नाही. उपनिरीक्षक म्हणून जी मोजकी वर्षं काढली, त्यातली बहुतेक प्रकरणं मी कुणाला सांगत नाही. हे मात्र सांगते.

डोंबिवली पूर्वेला एक दुमजली बाजाराची इमारत होती. धोकादायक ठरवून रिकामी केली, तेव्हापासून तशीच बंद. शटरं गंजलेली, गच्चीच्या कठड्यातून पिंपळ बाहेर आलेला. तिच्यासमोरून जाताना लोक न ठरवता पलीकडच्या फुटपाथवर जायचे. मग पालिकेने पुनर्विकास मनावर घेतला. शेजारच्या मोकळ्या जागेत गाळेधारकांसाठी पत्र्याच्या तात्पुरत्या शेड उभ्या राहिल्या आणि प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर नव्या इमारतीचं रंगीत चित्र लागलं. त्या चित्रासमोर माणसं सेल्फी काढायची. भांडीवाले, कापडवाले, पूजासाहित्यवाले, सगळे कित्येक वर्षांनी एकमेकांना भेटत होते आणि आपापली जागा बोटाने दाखवत होते. मी तिथे बंदोबस्ताला असायचे. मला गर्दी आवडत नाही, पण ती गर्दी आवडली.

नियम साधा होता. इमारत बंद झाली त्या दिवशी गाळ्यात बसून जो धंदा करत होता, त्याला नव्या इमारतीत गाळा. कच्ची यादी लागली होती. हरकती ऐकून पक्की यादी शुक्रवारी लागणार होती.

सोमवारी सकाळी एक साठीच्या बाई पोलीस ठाण्यात आल्या. बाजारात त्यांना सगळे बांगडीवाल्या मावशी म्हणत. सतरा नंबरचा गाळा त्यांच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर मावशींनी एकटीने दुकान चालवलं, अगदी इमारत बंद झाली त्या दिवसापर्यंत.

"माझ्या गाळ्यावर दुसऱ्याचं नाव लागलंय," त्या म्हणाल्या. "फॉर्म भरून देतो म्हणून परवाना घेऊन गेला मेला. आता फोन उचलत नाही."

"पावती घेतलीत?"

"माणूस चांगला बोलत होता. पावती कशी मागायची?"

मी त्यांना काउंटरवरूनच सांगितलं की हा दिवाणी मामला आहे, प्रभाग कार्यालयात हरकत नोंदवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि निघून गेल्या. सगळं मिळून तीन मिनिटं. बसा, असंही मी म्हटलं नव्हतं.

बुधवारी आमचे हवालदार काका झेरॉक्स काढायला गेले आणि परत आले ते कागद न घेताच. काका निवृत्तीला आलेले, सावकाश चालणारे. त्या दिवशी मात्र जवळजवळ पळत आले.

"मॅडम, सतरा नंबरवाल्याला परवाना हरवल्याचा दाखला आपण दिलाय?"

मी रजिस्टर उघडलं. दिला होता. महिन्यापूर्वी, माझ्याच सहीने. तो गृहस्थ मला लगेच आठवला. ठाणे शहरात खोपटला राहणारा, जागांच्या खरेदी-विक्रीत असलेला. इस्त्रीचा शर्ट, अनुक्रमणिका लावलेली फाईल, अस्खलित इंग्रजी. पोलीस ठाण्यात माझ्याशी कुणी तसं बोलत नसे. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. पंचनामा लिहिताना मी शब्दासाठी अडले की अंमलदार खाली बघून हसत. त्या माणसाशी बोलताना मला हलकं वाटलं होतं. मी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि दहा मिनिटांत दाखला हातात ठेवला. त्या दाखल्यावर त्याने परवान्याची दुय्यम प्रत काढली. जोडीला नोटरी केलेलं एक पत्र होतं, मावशींच्या नवऱ्याने मरण्याआधी गाळा त्याला लिहून दिल्याचं.

"मग ऐका," काका म्हणाले. "झेरॉक्सवाली म्हणते, त्या माणसाने महिन्याभरापूर्वी अख्खी फाईल तिच्याकडून लॅमिनेट करून नेली. त्यात आपला दाखला होता आणि तो परवानाही. ओरिजिनल. मागे मावशींचं नाव चढवलेलं. तिच्या लग्नाचा चुडा मावशींनी भरला होता, म्हणून नाव लक्षात राहिलं."

नवरा गेल्यावर मावशींची वारस नोंद त्या मूळ परवान्याच्या मागच्या बाजूला झाली होती, आणि फक्त तिथेच. दुय्यम प्रतीवर ती नव्हती. म्हणजे परवाना हरवण्याची गरज कुणाला होती, ते उघड होतं.

मी वरिष्ठ निरीक्षकांसमोर जाऊन सगळं सांगितलं, दाखल्यासकट. साहेबांनी चष्मा काढला. "दाखला देताना चौकशी केली होतीस?"

"नाही, सर."

"मग आता कर. आणि मावशींना बोलावून रीतसर फिर्याद घे. तुझ्या दाखल्याचं जे व्हायचं ते नंतर बघू."

त्या संध्याकाळी मावशी माझ्यासमोर बसून फिर्याद देत होत्या. मी लिहीत होते. बोलता बोलता त्यांनी माझा मोकळा हात उचलला, बोटं जुळवून अंगठा तळव्यात दाबला आणि सोडून दिला.

"बांगडीचं माप दोन-चार," त्या म्हणाल्या. "उजवा जड असणार. लाठी फिरवलीये ना?"

त्यांनी हाताकडे पाहिलंही नव्हतं. मी लिहायची थांबले.

"मावशी, हे शिकायला किती दिवस लागतात?"

"दिवस? पहिली दोन वर्षं सासूने नुसत्या फुटक्या काचा उचलायला लावल्या."

गुरुवारी तो गृहस्थ नोटीस मिळताच स्वतःहून हजर झाला. आम्ही त्याला अडीच तास प्रश्न विचारले. माझी पद्धत कमी बोलण्याची आहे. समोरच्याला गप्प बसवत नाही, म्हणून तो बोलत जातो आणि चुकतो. हा चुकला नाही. दुकानात मी बसायचो, मावशी फक्त मदतीला, असं त्याचं म्हणणं. माल कुठून यायचा, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही मापं, श्रावणात हिरव्याचा खप, सगळं पाठ. शेजारच्या गाळेधारकांना विचारू का म्हटलं तर म्हणे, ते मावशींच्या बाजूचे आहेत.

"Ma'am, you are educated, तुम्ही तरी समजून घ्या," तो जाताना म्हणाला.

दार लागल्यावर काका म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे. आमच्या पोरापेक्षा बरं."

शुक्रवारी अकरा वाजता प्रभाग कार्यालयात हरकतींची सुनावणी होती. सहायक आयुक्त शांत गृहस्थ होते. मी त्यांना सुनावणीआधी भेटले आणि यादी पुढे ढकलता येईल का विचारलं.

"नाही येणार," ते म्हणाले. "यादी लागली की सोमवारी पाडकाम. ती इमारत अजून एक पावसाळा काढणार नाही, आणि शेजारी शाळा आहे. पाचपर्यंत जे माझ्यासमोर येईल ते मी बघेन. एका बाईसाठी साठ जणांना थांबवू शकत नाही, आणि तुमच्याकडे काही असेल तर त्या बाईला डावलणारही नाही."

मग सुनावणीत मला काय करून बघायचंय ते मी त्यांना सांगितलं आणि परवानगी मागितली. ते म्हणाले, "करा. मलाही बघायचंय."

हॉल गाळेधारकांनी भरलेला. सतरा नंबर पुकारला गेला. आमच्या महिला शिपाईने टेबलावर काचेच्या बांगड्यांचा डबा ठेवला. मी गणवेशातच होते. बाही वर केली, घड्याळ काढलं आणि हात त्या गृहस्थापुढे धरला. इतक्या लोकांपुढे मी कधी काही केलं नव्हतं. कान तापले होते.

"भरा," मी म्हटलं.

तो हसला. "साईज काय, मॅडम?"

मागून एक कापडवाला म्हणाला, "अरे, तू सांग ना. बारा वर्षं बसलेलास ना दुकानात?"

हशा झाला. तो म्हणाला, हल्ली गिऱ्हाईक स्वतःच माप सांगतं. मग त्याने डब्यातून दोन-सहाच्या उचलल्या, हातात सैल गेल्या. मग दोन-चारच्या. माझा हात त्याने धरला तो हस्तांदोलनाला धरतात तसा. बोटं जुळवली नाहीत, अंगठा मोकळाच. पहिली बांगडी गाठींवर अडली. त्याने जोर लावला. ती तुटली, दुसरीही तुटली, आणि माझ्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ आली.

मावशी उठून आल्या. "सरक बाजूला. पोरीचा हात कापलास." त्यांनी पदराने रक्त टिपलं, माझा अंगठा आत घेतला आणि त्या गृहस्थाकडे बघून त्याला बोल लावत राहिल्या. "सासूने मला लाटण्याने मारलं असतं. गिऱ्हाइकाला रक्त काढलं तर त्या दिवशी दुकान बंद करायचं, एवढं तरी कुणी सांगितलं नाही का तुला?" त्यांचं बोलणं संपलं तेव्हा हातात सहा बांगड्या होत्या. मला एकही जाताना कळली नव्हती.

टाळ्या वाजल्या. सहायक आयुक्तांनी हात वर केला. "हा पुरावा नाही. मला कागद लागेल."

ते बरोबर होतं. पण आता तो गृहस्थ पहिल्यासारखा राहिला नव्हता. शेजारच्या खोलीत काकांनी त्याला पाणी दिलं. मी समोर बसले आणि काही बोलले नाही. पाच मिनिटं गेली असतील. कपाळाचा घाम पुसायला त्याने फाईलच उचलली, मग ती खाली ठेवली.

"फाईल लॅमिनेट कुठे केलीत?" मी विचारलं. इंग्रजीत नाही, मराठीत.

त्याने मान वर केली. आम्हाला माहीत आहे, हे त्याला तिथे कळलं.

"परवाना घरी आहे," तो म्हणाला.

"फाडला का नाहीत?" काकांना राहवलं नाही.

तो खरंच गोंधळला. "सरकारी शिक्क्याचा कागद फाडायचा कसा?"

मी साहेबांना फोन केला, स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली, खोपटच्या हद्दीतल्या ठाण्याला कळवलं. बारा चाळीसला जीप निघाली. शिळफाट्याला ट्रकांची रांग. काका खाली उतरून एकेका ड्रायव्हरशी बोलत जीपला वाट काढत होते. मी घड्याळ बघत होते आणि न बघण्याचा प्रयत्न करत होते.

खोपटला घरी त्याची पत्नी होती. तिला काहीच माहीत नव्हतं. दोन पंचांसमोर मी कागदांबद्दल विचारलं तर तिने स्वतः कपाटातून पिशवी काढली. "आमच्याकडे महत्त्वाचं सगळं एकत्रच असतं," ती म्हणाली. मुलीचा दहावीचा निकाल, रेशनकार्ड, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, आणि त्यांच्यामध्ये सतरा नंबरचा परवाना. प्लॅस्टिकमध्ये, कोपऱ्यात एक हवेचा बुडबुडा. उलटला. मावशींचं नाव, शिक्का, सही. पंचनामा लिहिताना त्या दिवशी मी एकाही शब्दाला अडले नाही.

आम्ही प्रभाग कार्यालयात शिरलो तेव्हा पाचला बारा मिनिटं होती. लिपिकाच्या हातात यादी होती आणि टेबलावर खळीचा डबा. सहायक आयुक्तांनी परवाना दोन्ही बाजूंनी वाचला, पंचनाम्याची प्रत वाचली, यादीतल्या सतराव्या ओळीवर रेघ मारली आणि स्वतःच्या हाताने नवं नाव लिहून शेजारी सही केली. "चिकटवा," ते लिपिकाला म्हणाले.

त्या गृहस्थावर फसवणुकीचा आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. खटल्यात माझाही जबाब आहे, आरोपीला दाखला कुणी आणि कसा दिला त्याबद्दल. माझी खात्यांतर्गत चौकशी झाली, ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं. बांगड्यांची युक्ती सुचली, हे त्यांना ऐकायचं असतं. मला वेगळंच आठवतं. प्रशिक्षणात आम्हाला खोटा माणूस ओळखायला शिकवलं होतं: नजर, घाम, विसंगती. खरा माणूस कसा ओळखायचा, ते कुणी शिकवलं नाही. खऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा पावती नसते, अनुक्रमणिका नसते, आणि त्याला आपली बाजू मांडायची सवय नसते. तो आपल्यासारखं बोलत नाही म्हणून आपल्याला परका वाटतो. मी फसले ती इंग्रजीला नाही. ओळखीच्या वाटणाऱ्या माणसाला मी तपासलं नाही आणि परक्या वाटणाऱ्या बाईला ऐकलं नाही, दोन्ही एकाच कारणाने. नंतर जितके दिवस गणवेशात होते, तितके दिवस समोरच्याबद्दल मला बरं वाटलं की मी एक प्रश्न जास्त विचारायचे.

त्या संध्याकाळी यादीसमोर रेटारेटी चालली होती. जो तो आपलं नाव फोनमध्ये टिपत होता. मावशी मागे उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, लागलंय तुमचं नाव, मी पाहिलं.

"तुम्ही पाहिलंत हो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावर थाप मारली. "सरका जरा. इतकी वर्षं पाटीवर नवऱ्याचं नाव होतं. माझं कसं दिसतंय, ते मला बघू दे."