खुंट्याला बांधलेलं जहाज

देवणी तालुक्यात समुद्र नाही, ही सरकारी नोंद झाली. त्या उन्हाळ्यात तो माझ्या मोबाईलमध्ये होता आणि पारावर बसून अर्धं गाव त्यात पाय सोडून बसायचं.

कारण होता माझा भाचा. तो मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं हदगावच्या पोराशी, आणि तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "नवरदेवाचा कान पिळायचा तर दादानंच. दादा आल्याबिगर मी मांडवात पाय ठेवणार न्हाई."

कान पिळायला चुलतभाऊ रांगेत उभे होते. पिळणाऱ्याला नवरदेवाकडून पोशाख मिळतो, त्यामुळं बोटांना तेल लावूनच बसले होते म्हणा ना. पण पोरगी माझ्या बहिणीची. तिच्या हट्टापुढं बैल वाट सोडतात.

जहाज कुठं आहे ते दाखवणारं ॲप मी मोबाईलवर घेतलं. जहाजात खत आहे एवढं भाच्यानं सांगितलं होतं; ते आपल्याच तालुक्यासाठी येतंय, हे मी माझ्या पदरचं घातलं. मग काय, कोलंबोला जहाज थांबलं की पारावर लोक हळहळायचे. "तिथं कशाला थांबलं?" कोणी विचारलं, की मी सांगायचो, "चहाला."

लग्नाच्या आठवड्यात जहाज मुंबईबाहेर येऊन उभं राहिलं. धक्क्यावर जागा नव्हती. गावाला हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. साखर कारखान्यापुढं उसाचे ट्रॅक्टर घेऊन आमच्या पिढ्या उभ्या आहेत. "नंबर लागंल," म्हणून सगळे निवांत झाले. भाच्याचा फोन मात्र लागेना.

हळदीच्या दिवशी सकाळी पोरीनं माझा मोबाईल घेतला, नकाशा बोटांनी मोठा केला. काल जहाजाचं टोक मुंबईकडं होतं. आज आफ्रिकेकडं.

"मामा, जहाज माघारी चाललं."

गल्लीत बातमी फुटली. कोणी म्हणालं, खत परत गेलं. दाजी, म्हणजे पोरीचे वडील, चुलतभावांपैकी एकाला बोलवायला निघाले. पोरीनं हळदीची वाटी पालथी घातली.

आता मला जहाजाचं काय कळतं? मी आयुष्यात बोट पाहिली ती नांदेडला, गोदावरीच्या पुलावरून. पण हळद वाळत होती. मी घसा साफ केला.

"अगं येडे, आपला वळू खुंट्याला बांधला की दिवसभर एकाच दिशेला तोंड करून उभा राहतो का? घटकेत इकडं, घटकेत तिकडं. जहाजाला नांगर म्हंजे खुंटा. पाणी सरकलं की ते बी तोंड फिरवतंय."

"मामा, खरं बोलताय का थापा मारताय?"

"खरं."

"वळूची शपथ घ्या."

माझा देवणी वळू पंचक्रोशीत एकच. तो डुरकला की शिरूर अनंतपाळच्या गाई माना वर करतात. शपथ घेतली. पोरीनं वाटी सुलटी केली. मी गुपचूप गोठ्यात जाऊन वळूला गुळाचा खडा चारला, पाठीवरनं हात फिरवला आणि संध्याकाळपर्यंत दर घटकेला त्याचा श्वास चालू आहे का ते बघून आलो.

लग्नाचा मुहूर्त आला, भाचा आला नाही. पोरगी खोलीचं दार लावून बसली. मग मी बँडवाल्याच्या कानाला लागलो, वाजवणं थांबवू नको म्हणून. नवरदेवाचे मित्र नाचत होतेच. वाजंत्री थांबली नाही तर ते मांडवाच्या दारातून उन्हाळा संपेपर्यंत हलणार नाहीत, याची मला खात्री होती. भटजी घड्याळाकडं बघत होते, दाजी माझ्याकडं.

तेवढ्यात लातूरहून आलेल्या जीपमधून भाचा उतरला. अंगावर जहाजावरचाच शर्ट. दार उघडलं. त्यानं कान असा पिळला, की नवरदेवाला जागच्या जागी समुद्र दिसला असावा.

जेवताना पोरीनं त्याला पहिली गोष्ट विचारली ती जहाजाच्या तोंडाची.

"नांगर टाकला की जहाज भरती-ओहोटीनं फिरतंच की," तो भातात वरण कालवत म्हणाला. "खुंट्याला बांधल्यागत. मला तर छोट्या लाँचनं आधीच उतरवलं, फोन तेवढा पाण्यात गेला."

वाढपी बादली घेऊन जागीच थांबले. दाजींचा घास हातात राहिला.

"मामा," पोरगी हळूच म्हणाली, "म्हंजे तुम्ही खरं बोलला होतात?"

इतक्या माणसांनी एकदम माझ्याकडं अशा नजरेनं कधी बघितलं नव्हतं. पुढं या गावात थापा मारतच राहायचं होतं मला. म्हणालो, "मला कुठं कळतंय? मला वळूनंच सांगितलं."

तेव्हा कुठं सगळे हसले आणि पंगत पुन्हा सुरू झाली.