बांधावरचा रानझेंडू

तुडीलच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी कुंपणापलीकडून सखूआत्यांनी विचारलं, "बाई, तुमची बदली झाली, का तुमी करून घेतलीत?" दोन्हींत काय फरक, ते मला कळलं नाही. त्यांना मात्र कळत असावं. शाळेला लागूनच त्यांचं शेत. नवरा वारलेला, मुलगा मुंबईत. दुकानदाराचा तराजू, डॉक्टरची गोळी, हवामानाचा अंदाज, कशावरच त्यांचा विश्वास नव्हता. "माझ्या डोळ्यांनी बघीन, मग बोला," हे ठरलेलं वाक्य.

शाळेची बाग दर मार्चमध्ये करपायची, म्हणून मी मैत्रिणीकडून रानझेंडूचं बी आणलं. बारीक पानं, उग्र वास, लहान पिवळी फुलं. वरून पाणी न देताही तो एप्रिलच्या तापलेल्या मुरमात फुलत राहिला. मुलं हरखली. आत्या म्हणाल्या, "पाणी नाय, नि एवढं फुलतंय? ह्यात कायतरी खोट हाय."

पुढच्या हिवाळ्यात कुंपणालगतची झाडं एकेक करून नाहीशी होऊ लागली. माझा संशय सरळ त्यांच्यावर. एका दुपारी पाळत ठेवली, तर त्या विळा घेऊन वाकलेल्या सापडल्याच.

"आत्या, मुलांनी वाढवलेली झाडं कापता?"

त्या ओशाळल्या नाहीत. मनगट धरून त्यांनी मला आपल्या बांधावर नेलं. बांधभर रानझेंडू, काही रोपं थेट वालाच्या पिकात घुसलेली. "ही कुनी लावली? मी?"

मला मान वर करवेना. "सगळा उपटून टाकते," म्हटलं.

"उपटू नका. पोरं खूश हायत. बी धरायच्या आत फुलं खुडा. पन तुमचा भरवसा नाय, मी बघायला येईन."

आल्याही. मुलांच्या मागे उभं राहून झाडन् झाड तपासायच्या. "ते राहिलं गो!"

गुडघे गेल्यावर मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. मग फोन सुरू झाले.

"बांधावर काय हाय?"

"काही नाही, आत्या."

"खरं सांगताय ना?"

दरवेळी हेच. मला राग यायचा.

गेल्या वर्षी मी आजारी पडले आणि खुडणी राहिली. पावसात बी रुजलं. फोन आला तेव्हा "काही नाही" अगदी ओठांवर होतं. पण म्हटलं, "चुकलं माझं. बांधावर पाच-सहा रोपं आलीत. आज उपटते."

 मग त्या म्हणाल्या, "ठाव हाय. शेजारच्या यशोदेला बघायला लावलं होतं."

पुढच्या फोनवर त्यांनी बांधाचं नावही काढलं नाही. माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्या गेल्या, त्याआधीचा तो शेवटचा फोन.