ग्राइंडरला पाजलेलं तेल

खंडेनवमीला आम्ही विळे, खुरपी, वखराची पास असं सगळं धुऊन ओट्यावर मांडतो. प्रत्येकाला हळदकुंकू आणि तेलाचं बोट. त्या वर्षी धार लावायचा ग्राइंडरही मांडला. नुसत्या बोटावर माझं समाधान होईना, म्हणून त्याच्या जाळीतून दोन पळ्या तेल आत सोडलं. लोखंडाला तेल लागतंच, अशी माझी समजूत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विळ्यांना धार लावायला बसले, तर आत निळ्या ठिणग्या, जळका वास, आणि ग्राइंडर बंद. सोयाबीन वाळून शेंगा तडकायला लागल्या होत्या. सोंगणाऱ्या बायांना विळे मीच देते. त्यांच्या मुकादमीनने सांगून ठेवलं होतं, सकाळी विळे तयार नसले तर त्या दुसऱ्याच्या वावरात जाणार.

नवरा कार्बन बदलायचा ते मी पाहिलेलं होतं. दोन्ही बाजूंची टोपणं स्क्रूड्रायव्हरने काढली. फिरत्या तांब्याला टेकून वीज पोचवणारे ते दोन काळे तुकडे झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढे उरले होते, वर तेलाने चिकट. ते रुमालात बांधले आणि जीपने चिखलीचं मशीन दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुकानदाराने तुकडे पाहिलेही नाहीत. घरातल्या माणसाला पाठवा, नाहीतर मशीन इथं आणून ठेवा, चार दिवस लागतील, म्हणाला. मी रुमाल काउंटरवर सोडला.

"मशीन मले चालवाची आहे. याच मापाचे कार्बन दे."

त्याने तुकडा नाकाशी नेला. "आजी, यात तेल कोनं टाकलं?"

"मीनं."

तो हसला. मग मात्र कामाचं बोलला. आतलं तांबं पेट्रोलच्या फडक्याने पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं, मगच कार्बन बसवायचे.

घरी तसंच केलं. दुसरा कार्बन खाचेत अडकत होता. त्याला बारीक पॉलिशपेपरवर दोन हात घासला, तेव्हा तो स्प्रिंगवर मोकळा सरकला. पाच मिनिटं ग्राइंडर रिकामा फिरवला. ठिणग्या थांबल्या. दिवस मावळायच्या आत सगळ्या विळ्यांना धार लागली.

मुकादमीन आली, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली. "मावशी, बोटं कापशीन आमची."

"सोयाबीन कापा," मी म्हणाले.

सकाळी त्या आमच्याच वावरात होत्या. पुढच्या खंडेनवमीला ग्राइंडर ओट्यावर होताच. तेलाची वाटी मी त्याच्यापासून हातभर लांब ठेवली.