बाजूनं ये

रविवारी व्यसनमुक्ती केंद्रात भेटायला गेले, तर आमचे हे व्हरांड्यात उकिडवे बसून ठिपक्यांची रांगोळी काढत होते. चिमटीतून रेघ बारीक, सलग सुटत होती. घरी चहाचा कप धरताना थरथरणारी हीच बोटं.

"शिकवणाऱ्या बाई म्हणतात, रेघ ओढताना श्वास सावकाश सोडायचा," मान वर न करता ते म्हणाले. "तेवढा वेळ प्यायची आठवण येत नाही बघ."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अठरा वर्षं मीही दारात रांगोळी काढते, आणि संध्याकाळी ती ह्यांच्याच झोकांड्या खाणाऱ्या पायांखाली पुसली जाते. मी इतकं जपूनही जे झालं नाही, ते ह्या मूठभर पांढऱ्या भुकटीनं तीन आठवड्यांत केलं.

जवळ जायला मी पाऊल उचललं, तसे ते घाईनं म्हणाले, "अगं, बाजूनं ये! पुसेल."

साडी वर धरून मी बाजूनं गेले. डावीकडच्या ओळीत एक ठिपका राहिला होता. पुढं रेघा जुळणार नव्हत्या. मला ते लगेच दिसलं. मी सांगितलं नाही.