हजार कपाळांचं कुंकू

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, पोराला नाही, देवापुढेसुद्धा नाही. देवापुढे बसले की दुसरंच काहीतरी मागून उठते. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच असेल.

पण आधी माझ्या कुंकवाबद्दल बोलू द्या. त्याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही. आमच्या या सरहद्दीच्या भागात बेल्यापासून गुडीहत्नूरपर्यंत कुठल्याही बाजारात जा आणि 'शेवंता छाप' मागा. दुकानदार म्हणेल, दुसरं ठेवतच नाही. डबीच्या एका बाजूला मराठी अक्षरं, दुसऱ्या बाजूला तेलुगू. शेवंता म्हणजे मी! ऐंशीच्या सालात सुरू केलं तेव्हा डब्या कुठल्या, कागदाच्या पुड्या होत्या. हळकुंडं फोडायची, लिंबाच्या रसात टाकणखार घालून भिजवायची, सावलीत वाळवायची—उन्हात नाही, उन्हात रंग मरतो—मग कुटून फडक्यातून गाळायची. माझे हात कोपरापर्यंत लाल. लग्नाघरी गेले की बायका म्हणायच्या, "अव शेवंता, कोनाचा खून करून आली वो?"

पोराला वाटतं, भिंती रंगवल्या म्हणून नाव झालं. अरे बाबा, कुंकू काय तिखट-मीठ आहे, चाखून घ्यायला? बाई ते नवऱ्याच्या नावानं लावते. अनोळखी पुडी घ्यायला तिचा हात धजत नाही. म्हणून मी बाजारात आरसा घेऊन बसायची. येईल तिला माझ्या बोटानं लावून द्यायची, आणि म्हणायची—आठ दिवस लावून पाहा. आग झाली, खाज सुटली, तर पुडी परत आणा, एकीच्या जागी दोन घेऊन जा. चार वर्षांत एक पुडी परत आली नाही. एक नाही!

आता मुद्द्यावर येते. येते का? पाहा, पुन्हा आरशाचंच सांगत बसले.

एका वर्षी पौषात आभाळ आलं ते हटेचना. संक्रांत तोंडावर, गावोगाव हळदीकुंकवं, मागणी गंज, पुरवू तितकी थोडी—आणि माझा वाळत घातलेला माल सगळा बुरसला. तेवढ्यात एक फिरता व्यापारी तयार लाल भुकटीचं पोतं घेऊन दारात आला. "सब यही बेचते हैं, भाभी," म्हणाला. सगळे विकतात. मी काय सगळ्यांतली होते? तेव्हा तसं वाटलं नाही. घरात उरलेलं थोडं चांगलं कुंकू होतं, त्यातलं मूठभर त्या भुकटीत मिसळलं. रंग असा उठला की बाप्पा! माझ्या खऱ्या कुंकवाला तसा कधी आला नव्हता.

आणि मी ते आधी स्वतः लावून पाहिलं. हे नीट वाचा. दुपारी लावलं, दिवस मावळायच्या आत कपाळ चुणचुणायला लागलं. मी उठले, साबणानं धुतलं, माझ्यापुरतं जुनं कुंकू करंड्यात वेगळं काढून ठेवलं—आणि पुड्या बांधायला बसले. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

भोगीच्या बाजारात जवळजवळ सगळा माल उठला. पुढच्या बाजाराला कौसल्या आली.

कौसल्या शेजारच्या गावातल्या माळ्याची सून. लग्नाला तीन वर्षं झालेली, वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला यायची. माझी जुनी गिऱ्हाईक. वैनी म्हणायची मला. तिचं कपाळ लालबुंद, मधोमध पाणी भरलेला फोड. भांडायला आली नव्हती हो. पुडी पदराखाली धरून हळूच म्हणाली, "वैनी, यानं लय आग होऊन राह्यली. तुमीच म्हनलं होतं ना, परत आना म्हनून."

माझ्यापुढे तेव्हा दहा-बारा बायका बसलेल्या. सगळ्यांचे हात थांबले. ही एक पुडी मी परत घेतली असती तर संध्याकाळच्या आत बाजारभर झालं असतं. चार वर्षांचं नाव पाण्यात गेलं असतं. हेच आलं डोक्यात. तिचा फोड नाही आला.

मी माझ्या कपाळाकडे बोट केलं—त्या करंड्यातल्या जुन्या, चांगल्या कुंकवाकडे. "हे पाहा, मी बी हेच लावते," मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हजार कपाळाले चालते माहं कुंकू. तुह्याच कपाळाले काऊन चालत नाई वो?"

बस. एवढंच बोलले.

तुम्ही बाई असाल तर समजलं असेल. नसाल तर सांगते. ज्या सवाष्णीच्या कपाळाला कुंकू सोसत नाही, तिच्या नवऱ्याचं काही खरं नाही—हे मी तोंडानं म्हणाले नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. ऐकतील हे मला ठाऊक होतं. एक म्हातारी "अव माय!" करून तिच्यापासून मागे सरकली. कौसल्यानं पुडी पदराच्या गाठीत बांधली, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. रडलीसुद्धा नाही. मला वाटतं, तिनंही ते खरं मानलं.

रथसप्तमीपर्यंत तिला एका घरून हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. माझ्याही घरून नाही. नवरीला हळद लावायला पाच सवाष्णी काढतात, त्यात पुढं तिला कोणी काढलंच नाही. नवरा तिचा धडधाकट, आजही मळ्यात राबतो. पण तो नुसता खोकला तरी सासू आधी तिच्या कपाळाकडे बघायची म्हणे.

आणि माझं? उरलेलं पोतं मी त्याच आठवड्यात नाल्यात ओतलं. तेव्हापासून चिमूटभर खोटं मिसळलेलं नाही. माझ्यासारखं कुंकू या भागात कोणी करत नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. आणि तक्रार? त्या दिवसापासून एकही नाही. त्याच पोत्यातलं कुंकू कितीजणींनी लावलं होतं! त्यांची कपाळं भाजली नसतील? भाजलीच असतील. पण माझ्याही कपाळाला चालत नाही, असं चारचौघींत येऊन कोण बोलणार होती? पंधरा वर्षांत एक तक्रार नाही, असं मी छाती फुगवून सांगते. लोक त्याला विश्वास म्हणतात. मीही म्हणते.

पोरानं पेंटर आणला, भिंतीवर काय लिहायचं विचारलं. हे लगेच बोलले—शेवंता, तू बाजारात म्हणाली होतीस ना, तेच लिहू. 'हजार कपाळांचं कुंकू.' बसथांब्यासमोरच्या भिंतीवर आहे, पांढऱ्यावर लाल, ही एवढी अक्षरं. कौसल्या वांगी घेऊन तिथंच उतरते.

मला ते वाक्य अजून आवडतं. तेही सांगून टाकते.

या संक्रांतीला ती माझ्या दुकानात आली. मी एकटीच होते. तो फोड केव्हाच बरा झालाय, पण जागा पांढरी पडली—रुपयाएवढी, दोन भुवयांच्या मधोमध. लोक कोड म्हणतात. "मोठी डबी द्या वैनी," म्हणाली, "झाकाले जास्त लागते." मग हसली. "तुमचं कुंकू चांगलंच हाये वो. माहंच कपाळ तसं."

तेव्हा बोलता आलं असतं. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. काऊन नाही बोलले? जीभ टाळूला चिकटली होती, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जीभ चांगली मोकळी होती. "ये, बस," म्हणाले मी. आरशासमोर बसवलं आणि पूर्वीसारखं माझ्या बोटानं कुंकू लावलं, तो डाग दिसेनासा होईपर्यंत. तिनं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोन्या बाईनं मले कुंकू लावलं, लय वर्सं झाली वैनी," म्हणाली, आणि उठून माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.