गयामावशीचा निम्मा दोरा

गयामावशीच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, कंबरा राहत. वडवणीच्या आठवडी बाजारात मोडक्या छत्रीच्या काड्यांना काळे-लाल करदोडे लटकवून ती बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना विचारायची, "काय वो, तुमचा अडीच विती शाळेत जातो का?" मिशा फुटलेल्या, कचेरीत कारकून झालेल्या गड्यालाही ती भर बाजारात लहानपणीच्याच मापानं "ये रे दोन विती" म्हणून बोलवायची. तो बिचारा लाजून पुढं सटकायचा.

बाजाराच्या कोपऱ्यावर आमचं मिठाईचं दुकान. माझा धाकटा भाऊ सोमू म्हणजे त्या दुकानाची जिवंत पाटीच होता. पोळ्याला पोरांचे करदोडे बदलायचे म्हणून आई त्याला मावशीकडं न्यायची, मागं मी. बाकीच्या पोरांची गाठ पुढच्या पोळ्यापर्यंत टिके. सोमूची दिवाळीलाच रुतायची. कंबरेवर वळ उठायचा आणि आई तो शेजारणींना कौतुकानं दाखवायची.

"वैनी, ह्यो उंचीला बोटभर वाढतो अन् कंबरेला चार बोटं. कावून?" मावशी विचारायची.

"खात्यापित्या घरचं लेकरू हाय," आई हसायची.

सोमू आठ वर्षांचा असताना मावशीनं एक वेगळंच केलं. त्याला ताठ उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरला, तोडला, मधोमध दुमडला आणि तो निम्मा दोरा त्याच्या कंबरेभोवती फिरवला. टोकं भिडेनात. चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं. ती काही सांगणार एवढ्यात आईनं दोरा हिसकावला.

"जित्या लेकराचं माप घेती? असं मेलेल्याचं घेत्यात!"

घरी येऊन आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढली. मग गरम जिलबी भरवली. परात मीच पुढं सरकवली. मी दहा वर्षांची होते आणि मला आईचंच खरं वाटलं होतं. त्यानंतर आमचे करदोडे बीडहून येऊ लागले.

पुढं मी शाळेत मास्तरीण झाले. बाजारच्या दिवशी मावशीपाशी टेकायची सवय लागली, तेव्हा तिनं तिच्या अंकुशचं सांगितलं.

"माझं एकुलतं एक लेकरू. त्येचा करदोडा मीच दर दोन महिन्याला लांबवायचे अन् बाजारभर मिरवायचे. जीप चालवायचा. तिशी बी गाठली न्हाई, छातीत कळ आली अन् गेला. अंबाजोगाईच्या डाक्टरनं इचारलं, ल्हानपणी कसा होता? म्या म्हनलं, गुबगुबीत, लई गोड. त्येनं मान खाली घातली."

त्याच डॉक्टरनं तिला निम्मा दोरा शिकवला होता. उंचीच्या निम्म्यात कंबर मावली पाहिजे. लहानपणीचं पोट बहुतेकदा मोठेपणीही सुटत नाही आणि पुढं त्याचा भार काळजावर येतो.

"समद्यांचं तसंच होतं असं न्हाई," ती म्हणायची. "पर ज्येचं होतं, त्येच्या आईनं काय करावं?"

तेव्हापासून ती दिसेल त्या पोराला मापायची आणि आया तिला हाकलायच्या. "दोरा लांबवायचा धंदा माझा, अन् मीच म्हनते लांबवू नगा. कोन येनार माझ्याकडं?" असं म्हणून ती हसायची. मी सोमूलाही सांगून पाहिलं. "ताई, तू बी मावशीच्या नादी लागली का?" म्हणून त्यानं पेढ्यांचं खोकं माझ्याच हातात ठेवलं.

चौतिशीत तो गल्ल्यावरच कोसळला. अंबाजोगाईला नेलं. मावशी तोवर पार वाकली होती, तरी एसटीनं आली. वॉर्डाबाहेर आईनं तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"तुला ठावं होतं गं! तवा मला धरून मारलं कावून न्हाईस?"

"वैनी, अंकुशच्या वक्ताला मला कुनी मारलं असतं, तरी म्या ऐकलं नसतं."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. तिसऱ्या दिवशी सोमू गेला. अखेरचा करदोडा तोडायला घेतला, तर तोही कातडीत रुतलेला होता. त्या परातीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मावशी गेल्या उन्हाळ्यात वारली. जाण्याआधी तिनं उरलेला दोऱ्याचा गुंडा माझ्या हातात दिला. "तू शिकलेली हायस, तुजं तरी ऐकतील." नाही ऐकत, मावशी. बाई आमच्या पोराला नजर लावते, अशी तक्रार माझ्या हेडमास्तरांकडं गेली आहे.

यंदा पोळ्याला आई सोमूच्या पोराला, सात वर्षांच्या शंभूला, घेऊन माझ्याकडं आली. "घे बाई माप," म्हणाली. जित्या लेकराचं माप. मी डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरला, तोडला, दुमडला. कंबरेभोवती फिरवला. टोकं भिडेनात. दोन बोटं कमी पडली.

"नीट धर की गं. पुन्हा घे," आई म्हणाली.

पुन्हा घेतलं. तेवढंच.

आई त्याच्यासमोर बसली, दोन्ही हातांनी त्याचं पोट हळूच दाबलं. "बाळा, पोट आत घे बरं. अजून. अजून घे माझ्या राजा."

शंभूनं गाल फुगवून श्वास कोंडला. टोकं भिडली. "बघ, मावली! मावली की!" आई लहान पोरीसारखी हसली. मी दोरा तसाच धरून त्याच्या लाल होत चाललेल्या तोंडाकडं बघत राहिले.

मग त्यानं श्वास सोडला.