उपासाचा गेम

डोळा लागतोय आणि लागत नाहीये, अशी दुपारची वेळ. जेवणं झाली आहेत, ओटा पुसून झालाय, पंखा दर फेरीला एकदा कुरकुरतो. मी दिवाणावर आडवी आहे आणि मनातल्या मनात आसिफवर चिडते आहे. त्या बिचाऱ्याची काही चूक नाही, पण चिडायला कुणीतरी लागतं.

आसिफ मुजावर म्हणजे आमच्या इचलकरंजीतला टीव्ही दुरुस्त करणारा. आज सकाळी त्याचा फोन आला. "काकू, पाचच गेम बसतील बघा. चार सांगितलासा, पाचवा संध्याकाळपर्यंत कळवा की. उद्या कॅसेट द्यायची हाय."

कॅसेट आत्यांच्या व्हिडिओ गेमची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांना जाऊन परवा वर्ष होईल. गावातल्या वाचनालयात मुलांसाठी जुन्या खेळांची एक खोली निघते आहे. तिथं सोंगट्या आहेत, गंजिफा आहेत, आणि माझ्याच हट्टावरून आत्यांचा हा गेमचा डबाही ठेवणार आहेत. त्याची जुनी शेकडो खेळांची कॅसेट मात्र केव्हाच मेली. आसिफ नवी करतोय, तिच्यात पाच खेळ मावतात. म्हणजे हा डबा काय चीज होता ते त्या पाचांवरूनच पोरांना कळणार. निवड चुकली तर दोन मिनिटं बटणं दाबतील, हसतील, आणि आत्यांचा डबा वाचनालयाच्या माळ्यावर जाऊन पडेल. तसं झालेलं मला सहन होणार नाही.

चार खेळ मी पटकन निवडले. पाचवा आत्यांच्या सगळ्यात आवडीचा घालायचा, हे पहिल्यापासून ठरलेलं. आणि तिथंच घोडं अडलंय. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून खेळलो, पण तुमच्या आवडीचा कुठला, हे विचारायचं राहूनच गेलं. सुनेनं सासूला विचारायच्या गोष्टी म्हणजे मीठ किती आणि पाहुणे किती. हे कुठं सुचतंय.

पंखा पुन्हा कुरकुरतो.

"तेल घाल की त्याला," आत्या म्हणतात.

त्या टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या आहेत. चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली, भर उन्हाळ्यात अंगात तपकिरी स्वेटर. मी उठून त्यांच्या शेजारी बसते. आश्चर्य वाटायला हवं, पण मला एवढंच वाटतं की दूध तापवायचं राहिलंय.

"काय बघतीस? फुंकर मार."

मी कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारते. असं केल्यानं काही होत नाही, धूळच जास्त आत जाते, हे आसिफच्या वडिलांनी आम्हाला हजारदा सांगितलं होतं. आत्या म्हणायच्या, नजर काढून तरी काय होतं, तरी काढतोच की.

"जोरात मार. दमा झालाय व्हय तुला?"

पडदा उजळतो. डबा खरं तर माझ्या मुलासाठी, शार्दूलसाठी, आणला होता. महिन्याभरात त्याला क्रिकेटचा किडा चावला आणि डबा आमच्या वाट्याला आला. दुपारी पुरुष माणसं बाहेर गेली की आम्ही दोघी दार लोटून घेऊन बसायचो. पडद्यावरची इंग्रजी नावं अर्धी खोटीच असायची, एकच खेळ चार नावांनी यायचा. मग आत्यांनी सगळ्या खेळांचं नव्यानं बारसं केलं. जंगलात बंदुका घेऊन पळणारे दोन शिपाई म्हणजे 'थोरली-धाकटी'. रणगाड्यांपासून विटांची भिंत राखायची तो 'आपलं घर'. शर्यतीची 'फटफटी'. दोघांनी एका लयीत वल्ही मारली नाहीत तर बुडते ती 'होडी'. माझे निवडलेले चार हेच.

"थोरली-धाकटी लावू?" मी विचारते.

"लाव. पर थोरली मी."

"तुम्हीच कायम थोरल्या असता."

"मग सासू कशाला झालोय?"

आम्ही पळतो. आत्यांचा डावा अंगठा रिमोटच्या अधिकच्या आकाराच्या बटणावर नाचतो. वाती वळून वळून घडलेला तो अंगठा. कुठल्या बाजूला सरकायचं हे त्याला आधीच ठाऊक असायचं. माझ्या माहितीत इतकं देखणं खेळणारं दुसरं माणूस नाही. शार्दूलचे मित्र यायचे, मागे उभे राहून बघायचे आणि गप्प व्हायचे. त्या मात्र पदरानं नाक पुसत म्हणायच्या, बाजूला सरका पोरांनो, उजेड अडतोय.

पुलावरून उडी मारतो आणि खाली चक्कीत उतरतो. आमच्या चौकातली दळणाची चक्की. डबे रांगेत लावलेले आहेत, पट्टा फिरतो आहे, सगळीकडे पीठ उडतं आहे. चक्कीवाला दिसत नाही. पट्ट्याबरोबर भिंतसुद्धा उजवीकडून डावीकडे सरकते आहे, भिंतीवरची देवांची कॅलेंडरं एकामागून एक येतात आणि जातात. आत्या डब्यांवरून उड्या मारत पुढे चालल्या आहेत. स्वेटरवर पीठ पडलंय. गुडघे दुखत नाहीत बहुतेक.

"आत्या, माझा रिमोट वर राहिला. आणते."

"मागं जाता येत न्हाई गं. ठाऊक हाय न्हवं?"

मी वळून बघते. खरंच, जिथून आलो तिकडची बाजू बंद झाली आहे. या खेळांत ते असंच असतं. पडदा एकदा पुढे सरकला की डावीकडचं सगळं गेलं. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आता मी त्या बंद बाजूवर हात आपटून बघते.

"तुमचा जीव किती राहिलाय?"

"संपला की मागंच."

या खेळात एक सोय होती. एकीचे जीव संपले तर दुसरीचा एक उसना घेता यायचा. आत्या उसन्या जिवांच्या बाबतीत अगदी निर्लज्ज होत्या. न विचारता घ्यायच्या, वर म्हणायच्या, दळण उसनं घेतल्यासारखं तोंड काय करतीस. मी जाम वैतागायची. एकदा तर दोन दिवस बोलले नव्हते.

आता मी स्वतःहून म्हणते, "माझा घ्या ना एक. माझ्याकडे आहेत."

"घे म्हणून घेता येतोय व्हय आता?"

"बटण दाबून बघा. बघा तरी."

मला रडू येतं. डब्यांच्या रांगेत मी लहान मुलीसारखी रडते. आत्या थांबतात, पण जवळ येत नाहीत. पिठाच्या हातानं चष्मा वर करतात.

"पोहं अजून गिळगिळीतच करतीस का?" त्या विचारतात.

"हो."

"मग बरं हाय. काय बदललं न्हाई."

मी रडता रडता हसते. ही त्यांची जुनी खोड, माणूस रडायला लागलं की त्याच्या स्वयंपाकावर घसरायचं.

आता आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आहोत. शेवटचे दिवस त्या इथंच होत्या. पण व्हरांड्यात कुणी नाही, औषधांचा वास नाही, आणि सलाईनच्या खांबाला आमचाच टीव्ही टांगलेला आहे. त्यातून रिमोटच्या दोन वायरी लोंबतात. आत्या मांडीवर ताट घेऊन भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढत आहेत. म्हणजे आज उपास.

उपासाचा त्यांचा एक दंडक होता. चतुर्थी, एकादशी आणि सोमवार, या दिवशी ज्यात कुणी मरतं तो खेळ लावायचा नाही. थोरली-धाकटी नाही, आपलं घर नाही. फटफटी आणि होडीसुद्धा नाही, कारण एक आपटते, दुसरी बुडते. शेजारच्या सुमनवहिनी एकदा हसल्या होत्या, "अहो, टीव्हीतलं मेलं म्हणजे काय खरं मेलं?" त्यावर आत्या शांतपणे म्हणाल्या, "बोट तर माझंच दाबतंय न्हवं?" सुमनवहिनी चहा पिऊन गेल्या.

मग उपासाला एकच खेळ उरायचा, विटांचा. वरून विटा पडतात, त्या फिरवून नीट रचायच्या, ओळ भरली की नाहीशी होते. आम्ही त्याला 'उपासाचा गेम' म्हणायचो. तो एकट्यानं खेळायचा असतो. आत्या रिमोट माझ्या हातात द्यायच्या, "मला नगं, मला त्यातलं कळत न्हाई," म्हणायच्या आणि शेजारी शेंगदाणे घेऊन बसायच्या. म्हणून निवडताना मी तो पहिल्या फटक्यातच बाद केला होता.

मी डोळे पुसते. आता नाही विचारलं तर परत संधी नाही, हे मला कळतं. त्यांचे पाय जमिनीला नीट टेकलेले दिसत नाहीत.

"आत्या, तुमचा सगळ्यात आवडता खेळ कुठला?"

"कशाला पायजे?"

"आसिफला सांगायचाय. तुमचा डबा वाचनालयात ठेवणार आहे. पोरं खेळतील."

"माझा डबा? वाचनालयात?" त्यांचा चेहरा असा फुलतो की मला आधीच का सुचलं नाही असं होतं. "पुस्तकांच्या संगट?"

"पुस्तकांच्या शेजारी. तुमच्या नावाची पाटी लावून."

त्या एक शेंगदाणा माझ्या हातावर ठेवतात, एक स्वतः खातात.

"उपासाचा," त्या म्हणतात.

"काय?"

"आवडीचा. इचारलंस न्हवं? उपासाचा."

"काहीतरीच! त्याला तुम्ही कधी हातसुद्धा लावला नाही."

"मी कशाला लावू? तू लावत हुतीस की."

मला समजत नाही. आत्या ताट बाजूला ठेवतात.

"इटा रचताना तू गुणगुणायचीस. तुला ठावं न्हाई. तोंड उघडं, पदर भुईवर, गॅसवर दूध. सकाळपास्नं ह्याचा डबा कर, त्याचं पाणी काढ, माझी औषधं दे. तेवढा येळ तू कुणाचीच नसायचीस. ते बघाय मला लई ग्वाड वाटायचं."

व्हरांड्यात पंखा कुरकुरतो. आम्ही पुन्हा आमच्याच हॉलमध्ये, टीव्हीसमोर जमिनीवर आहोत. बाहेर ऊन आहे. मला एकेक आठवायला लागतं. आधी चतुर्थी-एकादशी सोडली तर फक्त सोमवार होता. मग त्यांनी गुरुवार धरला. मग शनिवार. डॉक्टर रागावले तेव्हा साबुदाणा सोडून वरी खायला लागल्या, पण उपास सोडले नाहीत. मला वाटलं, वय झालं की देवाकडे ओढा वाढतो. मी तर बायकांना कौतुकानं सांगायची, आमच्या आत्यांची भक्ती बघा.

"म्हणून उपास वाढवलेत तुम्ही?"

"देवाला ठावं हुतं. त्यो काय बोलला न्हाई."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर गुणगुणली असतीस व्हय?"

अशी बाई मी पाहिली नाही. आयुष्यभर मला वाटत राहिलं की मी त्यांना सोबत देते. आणि त्या मात्र उपाशी राहून मला दुपार देत होत्या.

"खेळ," त्या म्हणतात आणि रिमोट माझ्या हातात देतात. "मी हाय की हितं."

वर्षभर मी या बटणांना हात लावलेला नाही. त्या अधिकच्या बटणावर डावा अंगठा टेकवते. पहिली वीट पडते. दुसरी वाकडी बसते. मग हात ओळखीचा होतो. विटा पडत राहतात, मी फिरवत राहते. एक ओळ भरते आणि जाते.

"भरली की जातीया," शेजारून आवाज येतो. "रडायचं काय त्यात."

मी मान वळवत नाही. वळवली तर वीट चुकेल. शेंगदाण्याची सालं फुंकल्याचा आवाज येतो, मग ताट ठेवल्याचा, मग काही नाही. मला माहीत आहे शेजारी काय आहे आणि काय नाही. तरी मी खेळते, कारण त्यांना बघायला आवडतं. कुठून तरी एक सूर येतोय, तो माझाच आहे.

फोन वाजतो.

मी दिवाणावर आहे. ऊन भिंतीवरून खाली उतरलंय. पंखा कुरकुरतोय. टीव्हीसमोरची जमीन मोकळी आहे. फोन आसिफचा.

"काकू, ठरलं का?"

"विटांचा घाल."

"विटांचा? त्यो एकट्याचा हाय बघा. बाकीचं चारी दोघांचं घेतलासा. पोरं जोडीनं येणार. एक खेळाय लागला की दुसऱ्यानं काय करायचं?"

"शेजारी बसून बघायचं," मी म्हणते. "आणि ऐक, डब्यासमोर दोन पाट ठेवायला सांग. एक नको. दोन."

"सांगतो की. रिमोट पण पुसून ठेवलेत दोन्ही. कालपास्नं हितंच हायत, दुकानात. काळजी करू नगा."

फोन ठेवून मी चहाचं आधण ठेवते. साखरेचा डबा उघडताना डाव्या अंगठ्याकडे लक्ष जातं. अंगठ्याच्या गादीवर अधिकच्या चिन्हाचा वळ उमटलाय, लाल आणि खोल, तासभर बटण दाबल्यावर उमटायचा तसा. मी तो चोळते. पाण्याखाली धरते. वळ जात नाही. चहा उकळतो आणि मी गुणगुणत असते.